गावाबाहेरचा शेंदूर लावलेला दगड कसा वाचायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या जुन्या गावांत फिरताना मारुतीच्या देवळाशेजारी, तळ्याच्या बांधावर नाहीतर पिंपळाच्या पारावर कंबरेएवढा एक कोरीव दगड हमखास दिसतो. कधी नीट रोवलेला, कधी नुसताच कलंडलेला. त्याच्यावर शेंदूर, तेल, एखादं वाळलेलं लिंबू. विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, "आमचा म्हसोबा त्यो." कुणी वेताळ म्हणतं, कुणी नुसतंच "ईर". या तिसऱ्या माणसाचं बरोबर असतं. ईर म्हणजे वीर, आणि तो दगड म्हणजे वीरगळ.

इतिहासाची पाटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक येतो. पण वाटेच्या कडेला दगड उभा करून 'इथे हे असं घडलं' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची रीत या मुलखात हजार वर्षांहून जुनी आहे. ते दगड निळ्या फलकापेक्षा पुष्कळ जास्त बोलतात. त्यांची निम्मी भाषा चित्रांची आहे, म्हणून हळेकन्नड, म्हणजे जुनं कन्नड, येत नसलं तरी बरंच काही कळतं. एक सुट्टी आणि एक बॅटरी एवढ्या भांडवलावर ही भाषा शिकता येते.

वीरगळ खालून वर

पहिला नियम: वीरगळ खालून वर वाचायचा. पुस्तकाच्या सवयीने आपला डोळा आधी वर जातो, तिथं शिवलिंग दिसतं, आणि आपण 'महादेवाचा दगड' म्हणून पुढे निघतो.

दगडावर साधारण तीन चौकटी असतात, एकावर एक. सगळ्यात खालच्या चौकटीत मरण आहे. ढाल-तलवार किंवा धनुष्यबाण घेतलेला माणूस लढतोय, समोर दोघेतिघे, कधी घोडेस्वार, कधी पायाशी आडवा पडलेला देह. ही चौकट बारकाईने बघावी, कारण माणूस कशापायी मेला ते इथेच सांगितलेलं असतं. गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं सोडवताना पडला. रानडुक्कर किंवा वाघ असेल तर शिकारीत, नाहीतर गावात शिरलेल्या जनावराशी झुंजताना गेला. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर गलबतं कुठून येणार? इथे गाई.

आणि गाईच का, हे समजून घेतल्याशिवाय हा दगड कळत नाही. त्या काळी गावाची दौलत पेटीत नसायची, गोठ्यात असायची. शेजारच्या सामंताला जरब बसवायची तर वेढा घालून किल्ला जिंकण्यापेक्षा त्याच्या गावची गुरं हाकलून नेणं सोपं आणि जास्त झोंबणारं. कन्नड लेखांत या प्रकाराला 'तुरुगोळ' म्हणतात, संस्कृतात गोग्रहण. महाभारतात कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या, तोच हा धंदा. गुरं गेली की नांगर थांबला, दूध थांबलं, खत थांबलं. म्हणून त्यांच्यामागे धावून गेलेला आणि परत न आलेला माणूस अख्ख्या गावाचा देणेकरी न राहता घेणेकरी होई. गाव हे देणं फेडायचंही. मेलेल्याच्या घरच्यांना जमीन दिली जायची. त्या जमिनीला कन्नडमध्ये 'नेत्तरुगोडगे' असा शब्द आहे. नेत्तरु म्हणजे रक्त. रक्ताबद्दल दिलेली जमीन. आजच्या हुतात्मा-निवृत्तिवेतनाला इतकं उघडं नाव द्यायचं धाडस कुणी केलेलं नाही.

मधल्या चौकटीत दोन बाजूंना दोन अप्सरा आणि मध्ये तो माणूस. त्याचे हात त्यांच्या खांद्यावर, किंवा तो पालखीसारख्या विमानात बसलेला. खाली रक्ताच्या थारोळ्यात पडलेला इथे एकदम नीटनेटका दिसतो, केस बांधलेले, अंगावर दागिने. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, पलीकडे पुजारी. शिवलिंगाच्या जागी मांडी घालून बसलेली जिनमूर्ती असेल तर तो जैन घराण्यातला. आणि अगदी टोकाला एका बाजूला चंद्र, एका बाजूला सूर्य. ही सही आहे म्हणा ना: चंद्रसूर्य असेतोवर याची कीर्ती राहो.

अक्षरं असलीच तर ती बहुधा चौकटींच्या मधल्या आडव्या पट्टीवर असतात, चित्रांवर नाही. तिथं बोट फिरवून बघावं. पण आपल्या गावांतल्या कितीतरी वीरगळांवर एक अक्षरही नाही. ज्यांनी तो उभा केला त्यांना नाव लिहायची गरज वाटली नसणार, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन पिढ्यांत नाव गेलं, चारपाच पिढ्यांत गोष्ट गेली, मग देव उरला.

'वीरगळ' या शब्दातच दोन भाषा नांदतात. वीर संस्कृत, गळ कन्नड. कल्लु म्हणजे दगड, समासात त्याचा गल्लु होतो, कन्नडमध्ये वीरगल्लु आणि आपल्याकडे वीरगळ. हा दगड आमचा की तुमचा, असा वाद मी चहाच्या टपरीवर ऐकलेला आहे. दगड रोवला तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटकातली ती रेघच नव्हती, तो बिचारा काय उत्तर देणार?

बांगड्या भरलेला हात

वीरगळाच्या शेजारी, कधी त्याच दगडाच्या एका कोपऱ्यात, एक हात कोरलेला दिसतो. खांबातून बाहेर आल्यासारखा, कोपरात वाकवून वर उचललेला, मनगटावर बांगड्या, कधी बोटांत लिंबू. ही सतीशिळा. कन्नडमध्ये मास्तिकल्लु, म्हणजे महासतीचा दगड. बांगड्या मुद्दाम ठळक कोरलेल्या असतात, कारण सांगायचं तेच आहे: ही विधवा म्हणून जगली नाही, सवाष्ण म्हणूनच गेली.

काही ठिकाणी बायका तिची ओटी भरतात. त्यांच्या श्रद्धेला हात न लावताही एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघावी. नवऱ्याच्या दगडावर निदान त्याची लढाई आहे, गाई आहेत, घोडा आहे. तिच्या दगडावर फक्त हात आहे. ती कोण होती, किती वर्षांची होती, स्वतःहून गेली की ढकलली गेली, यातलं काहीही दगड सांगत नाही. तो तिच्या बाजूने बोलायला उभा केलेलाच नव्हता.

दानाचा दगड, म्हणजे उघड्यावरचा सातबारा

तिसरा प्रकार उंच आणि रुंद असतो, वर अर्धगोल, खाली ओळीच ओळी. हा दानाचा शिलालेख. कन्नडमध्ये याला सरळ 'शासन' म्हणतात. वरच्या अर्धगोलात सूर्य, चंद्र, मध्ये लिंग किंवा जिन, आणि हटकून एक गाय तिच्या वासराला पाजताना. गाय-वासरू दिसलं की समजायचं, इथे जमीन किंवा उत्पन्न कुणाला तरी दिलेलं आहे. पुष्कळदा गाईशेजारी एक तलवारही असते. तिचा अर्थ फोड करून सांगायला नको.

मजकुराचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीचा श्लोक 'नमस्तुंगशिरश्चुंबि...' असा असेल तर दान शैव देवळाचं, 'श्रीमत्परमगंभीर...' असा असेल तर बसदीचं, म्हणजे जैन देवळाचं. मग राजाची भलीमोठी बिरुदावली, मग त्याचा मांडलिक, मग खरा दाता, मग तारीख, मग किती जमीन, तिच्या चतुःसीमा, आणि शेवटी शाप. 'स्वदत्तां परदत्तां वा' हा शापाचा श्लोक या भागात फार आवडता: स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्मेल. जमिनीच्या कज्जेदलालीचा अनुभव असलेल्यांना हा श्लोक मुद्दाम सांगावा असा आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बेळगाव शहराचंच आहे. किल्ल्यातली कमलबस्ती आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, छतातलं ते दगडी कमळ मान मोडेपर्यंत बघितलेलं असतं. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये इथे जिनालय बांधलं. रट्ट मूळचे सौंदत्तीचे, त्यांनी राजधानी वेणुग्रामला आणली होती. वेणु म्हणजे वेळू. वेणुग्राम म्हणजेच आजचं बेळगाव. या जिनालयाला दिलेल्या दानांचे दोन कन्नड शिलालेख होते. त्यांत नुसती जमीन नाही, बाजारपेठही आहे: लाट म्हणजे गुजरातेकडचे आणि मलेयाळ म्हणजे मलबाराकडचे व्यापारी इथे पेठेत होते आणि मालावरची पट्टी त्यांनी बसदीला लावून दिली. आठशे वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात गुजराती आणि मलयाळी दुकानदार! 'पूर्वी इथे फक्त आपलीच माणसं होती' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा दगड दाखवावा. दाखवायचा मात्र लंडनला नेऊन, कारण ते दोन्ही लेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या लेखांवरून तारीख कशी काढतात तेही कळतं. शकामध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे आपण शिकलो. या लेखात शके ११२७ आहे. ११२७ अधिक ७८ म्हणजे १२०५. मग सगळीकडे १२०४ का लिहितात? कारण जुने लेखक कधी सरलेलं वर्ष मोजायचे, कधी चालू. तुमचं पन्नासावं वर्ष लागलं म्हणून कुणी 'पन्नास' म्हणावं, आणि तुम्ही 'अजून एकोणपन्नासच' म्हणावं, तसा हा प्रकार. घोळ सोडवायला संवत्सराचं नाव उपयोगी पडतं. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं, आणि या लेखात रक्ताक्षी आहे. १९८४ च्या पाडव्यालाही रक्ताक्षीच लागलं होतं. तिथून साठ-साठ वर्षं तेरा वेळा मागे गेलं की बरोबर १२०४. म्हणून शिलालेख बघताना आकडा खोडलेला असला तरी निराश होऊ नये, संवत्सर शोधावं.

दान दिलेल्या शेताच्या बांधावर वेगळे, बुटके दगड असत. शिवमंदिराची जमीन असेल तर लिंग, ब्राह्मणांना दिलेली असेल तर छत्री घेतलेला वामन, जैन बसदीची असेल तर एकावर एक तीन छत्र्या. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही औत कुठे थांबवायचं ते कळावं, एवढाच उद्देश. आज यांतले बरेचसे गोठ्याच्या पायात गेलेत.

खानापूर तालुक्यातलं हलशी हे असं दुसरं ठिकाण. कदंबांच्या लेखांतली पलाशिका ती हीच. पाचव्या शतकातल्या कदंब राजांनी जैनांना दिलेल्या दानाचे ताम्रपट इथे सापडले, आणि पुढे गोव्याच्या कदंबांनी इथे भूवराह-नरसिंहाचं देऊळ उभं केलं. म्हणजे एकाच गावात वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या धर्मांना आश्रय. बेळगावच्या किल्ल्यातल्या साफा मशिदीतही तसंच. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याने बांधलेल्या या मशिदीच्या दोन खांबांवर एक रट्टांचा आणि एक देवगिरीच्या यादवांचा लेख आहे: भाषा कन्नड, लिपी नागरी. अक्षरं ओळखीची म्हणून मराठी माणूस भरभर वाचायला जातो, आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळतो. उलटा अनुभव श्रवणबेळगोळला येतो. गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' ही मराठी ओळ आहे, तिच्या जोडीला तेच कन्नडमध्ये आणि तेच तमिळमध्ये. तीन भाषांतला फलक ही काही आजची सोय नाही.

नंतरचे दगड

वीरगळ उभे करणं थांबलं, पण मेलेल्यासाठी दगड रोवायचं थांबलं नाही. खानापूर तालुक्यातल्या नंदगडला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. कित्तूरची राणी चन्नम्मा, जिचं माहेर बेळगावजवळचं काकती, तिने १८२४ मध्ये कलेक्टर थॅकरेचा पाडाव केला. त्याच कित्तूरसाठी रायण्णा पुढे गनिमी काव्याने लढत राहिला होता. नंदगडला त्याच्या समाधीवर वड आहे, आणि लोक तिथे नवस बोलतात. जुन्या वीरगळाच्या बाबतीत जे हळूहळू घडलं, माणसाचा देव होणं, ते इथेही दोनशे वर्षांच्या आत होऊन गेलं. फरक एवढाच की इथे नाव टिकलं.

आणि हुतात्म्यांची स्मारकं. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात घालायचं ठरलं आणि त्याविरुद्ध आंदोलन पेटलं. त्यातल्या गोळीबारातल्या मृतांसाठी दरवर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात फुलं वाहतात. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांची आठवण काढतात. राजकारण बाजूला ठेवून नुसती बनावट बघा: नाव आहे, तारीख आहे, कारण आहे, वर्षातून एकदा जमणारी माणसं आहेत. चित्र मात्र नाही. जुन्याने चित्र ठेवलं आणि नाव सोडलं, नव्याने नाव ठेवलं आणि चित्र सोडलं.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर हे स्मारक तर कामापुरतं खोदलेलं. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. त्यांनी अध्यक्षपद घेतलेलं हे एकमेव अधिवेशन. एवढ्या माणसांना पाणी कुठून द्यायचं म्हणून विहीर काढली. काँग्रेस रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना रस्त्याचं नाव पक्षाच्या कचेरीवरून नाही, अधिवेशनावरून पडलं हे ठाऊक असेल, देव जाणे.

पाटी काय सांगते आणि काय नाही

आता तो निळा फलक. त्याच्यावर स्मारकाचं नाव असतं आणि १९५८ चा कायदा असतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. हे आवश्यक आहे, पण ते स्मारकाचं नाही, आपलं वर्णन आहे. जुन्या शासनातही शेवटी शाप असायचा. फक्त त्याच्याआधी कुणी, कुणाला, काय आणि का दिलं हे तपशीलवार सांगितलेलं असायचं.

आपल्या भागात पाटीवरून काय होतं ते बेळगावजवळच्या येळ्ळूरने पाहिलं आहे. गावाच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०१४ मध्ये काढला गेला, लोकांनी पुन्हा लावला, पुन्हा काढला, लाठीमार झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. गावाबाहेरची पाटी ही नुसती माहिती नसते, हक्काची नोंद असते. शिवेवर दगड रोवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते त्यावर तलवार कोरत.

बघायला जाल तेव्हा

भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की उथळ कोरीवकाम दिसतच नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, जेव्हा ऊन आडवं येतं तेव्हा, तोच सपाट दगड एकदम उठून दिसतो. ते जमलं नाही तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेला चिकटवून तिरपा झोत टाका आणि फोटो काढा. अक्षरं दिसावीत म्हणून पीठ, खडू, रांगोळी चोळायची पद्धत आहे, ती सोडा. पीठ खाचेत बसतं, त्याला मुंग्या आणि बुरशी येते. जाणकार ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात आणि वरून शाईचा बोळा फिरवून ठसा घेतात, पण ते शिकलेल्या माणसाचं काम. ऑइलपेंट तर कुणी लावू देऊ नका. मंदिराच्या रंगरंगोटीत वीरगळाला चंदेरी रंग मारलेला पाहिला की पोटात गोळा येतो.

शेंदूर खरवडू नका. एक तर तो कुणाचा तरी देव आहे. दुसरं म्हणजे शेंदूर आहे म्हणूनच तो दगड आजवर राहिला. आमच्या गावात रस्ता रुंद केला तेव्हा तीन कोरीव दगड होते. ज्यावर रोज दिवा लागायचा तो ठेकेदाराच्या माणसांनी नारळ फोडून अलगद बाजूला नेऊन ठेवला. दुसरे दोन गटारीवर पालथे पडले.

फोटोबरोबर चार गोष्टी वहीत लिहा: गाव, दगडाची उंची, त्याचं तोंड कुठल्या दिशेला, आणि तो आधी कुठे होता. चौथी सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक वीरगळ देवळात गोळा करून ठेवलेले असतात, आणि जागा बदलली की निम्मी गोष्ट जाते. शिवेवरचा दगड सांगतो की पाठलाग शिवेपर्यंत गेला होता, तळ्यावरचा सांगतो की गुरं पाण्यावर असताना हल्ला झाला. हे कुठल्या कागदात मिळत नाही, म्हाताऱ्या माणसांकडेच मिळतं. मी आमच्या गल्लीतल्या आज्जीला विचारलं, "आज्जी, हा म्हसोबा पहिल्यापासून हितंच होता व्हय?"

"हितं कुठला? आम्ही ल्हान असताना त्यो तळ्याच्या पल्याड होता. आता बसस्टॉप हाय नव्हं, तिथंच."